शहराचं पाणी: नळापर्यंत, गटारापर्यंत आणि पुन्हा वापरात

दहा लाख वस्तीच्या शहराला माणशी १५० लिटर धरले तर रोज १५ कोटी लिटर पाणी लागतं. पाणीपुरवठ्याच्या भाषेत १५० एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), म्हणजे रात्रंदिवस सेकंदाला सुमारे १,७३६ लिटर. यातलं ८० टक्क्यांच्या आसपास पाणी न्हाणीतून, मोरीतून, संडासातून गटारात जातं. धरण आटतं, नदी रोडावते, पण हे १२० एमएलडी सांडपाणी रोज न चुकता शहराबाहेर येऊन उभं राहतं. त्यात वजनाने ९९.९ टक्के पाणीच असतं. सगळा खटाटोप उरलेल्या ०.१ टक्क्यासाठी.

तो खटाटोप एका यंत्राने होत नाही. तुरटी विरघळलेले क्षार काढत नाही, क्लोरीन काही परजीवींपुढे हात टेकतं आणि आरओच्या (दाबाने पाणी बारीक पटलातून पार करून क्षार मागे ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) पटलातूनही काही रेणू निसटतात. त्यामुळे पाणी पिण्याचं असो वा पुनर्वापराचं, पहिला प्रश्न एकच: या टप्प्याला काय अडवता येत नाही, आणि ते पुढे कोण अडवणार?

कच्चं पाणी आणि तुरटी

धरणातल्या उपसा विहिरीला वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवलेली असतात. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो, गाळातलं लोह आणि मँगनीज विरघळून वर येतं, पाण्याला वास लागतो. पृष्ठभागावर शेवाळ असतं. म्हणून मधल्या थरातलं पाणी घ्यायचं आणि ऋतू बदलला की दार बदलायचं.

गढूळपणा देणारे मातीचे बारीक कण स्वतःहून खाली बसत नाहीत, कारण सगळ्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी किंवा पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड (पीएसी) हा भार मारते. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि बसतात. तुरटी किती घालायची हे पुस्तकात मिळत नाही, ते जार टेस्टने ठरतं. एकेक लिटरची सहा भांडी घ्यायची आणि प्रत्येकात वेगळी मात्रा टाकायची, समजा १० पासून ६० मिलिग्रॅमपर्यंत. एक मिनिट जोरात ढवळायचं, वीसेक मिनिटं हळू ढवळायचं, अर्धा तास निवळू द्यायचं आणि वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा. ज्या मात्रेनंतर फरक पडणं थांबतं ती आपली मात्रा. १५० एमएलडीच्या केंद्रात लिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला १५० किलो तुरटी. अंदाजपंचे १० मिलिग्रॅम जास्त टाकली तर रोजची दीड टन वाया. शिवाय मात्रा फार झाली की कणांवरचा भार उलटा होतो आणि जमलेले गोळे पुन्हा विखुरतात.

पहिल्या मोठ्या पावसात हमखास फसणारी गोष्ट म्हणजे पाण्याची क्षारता (आम्ल झेलण्याची ताकद). एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. पुराच्या पाण्यात ती मुळातच कमी असते आणि तुरटी मात्र जास्त लागते. पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, आम्ल वाढलं की तो उतरतो) घसरतो, गोळे धरत नाहीत, मग चालक आणखी तुरटी वाढवतो आणि परिस्थिती आणखी बिघडते. उपाय तुरटी वाढवणं नव्हे, तर चुन्याची निवळी देऊन पीएच सावरणं हा आहे. उलट टोकाची अडचणही असते. दिसायला स्वच्छ, ३ एनटीयूचं (एनटीयू हे गढूळपणाचं माप) पाणी साफ करणं १०० एनटीयूच्या पाण्यापेक्षा कधीकधी अवघड जातं. कणच विरळ असतात, त्यामुळे ते एकमेकांवर आपटत नाहीत.

वाळूचं खरं काम

निवळलेलं पाणी वाळूच्या थरातून जातं. थर साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर, कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, वेग तासाला ५ ते ६ मीटर. बहुतेकांना वाटतं की वाळू गाळणीसारखी काम करते. हिशेब केला की ते पटत नाही. दोन कणांमधली फट जिवाणूच्या आकाराच्या कितीतरी पट मोठी असते. जिवाणू फटीत अडकत नाही, तो वाळूच्या कणाला चिकटतो, आणि चिकटतो तो तुरटीने त्याचा भार मारला असेल तरच. म्हणजे तुरटीचं गणित चुकलं की फिल्टर धडधाकट असूनही निकामी.

फिल्टर तुंबत जातो तशी त्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्याच्या दाबातली तफावत वाढते. ठरलेल्या मर्यादेला ती पोचली की खालून हवा आणि पाणी उलटं सोडून बॅकवॉश करायचा. तो कमजोर केला तर वाळूत चिखलाचे गोळे धरतात आणि पाणी ठरावीक वाटांनीच पळतं. बॅकवॉशनंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटंही जोखमीची. थरात उरलेला गाळ सुटून येत असतो, म्हणून ते पाणी पुढे न सोडता बाहेर काढायचं.

वाळूचं महत्त्व किती, हे १८९२ मध्ये हॅम्बुर्गने दाखवलं. क्लोरीनचा वापर तेव्हा रूढ नव्हता. हॅम्बुर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता देत होतं. कॉलऱ्याच्या साथीत तिथे आठ हजारांहून जास्त माणसं मेली. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी घेत होतं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाने, म्हणजे त्याच्या मैल्यासकट. पण ते वाळूतून गाळून घेत होतं, आणि साथीतून ते बऱ्याच अंशी वाचलं.

शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकेतल्या मिलवॉकीत उलटं घडलं. क्लोरीन दिलं जात होतं, पण एका केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी आरपार गेला. सुमारे चार लाख लोक आजारी पडले. त्याचं कवच इतकं चिवट असतं की नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरीनचा त्यावर परिणाम होत नाही. तो वाळूतच अडला पाहिजे, नाहीतर अतिनील किरणांनी म्हणजे यूव्हीने निकामी केला पाहिजे. म्हणून गढूळपणा प्रत्येक फिल्टरच्या तोंडाशी स्वतंत्र मोजावा. आठ फिल्टरांचं पाणी एकत्र करून मोजलं, तर सात चांगल्यांच्या आड एक बिघडलेला लपतो.

क्लोरीन: मात्रा, वेळ, पीएच

क्लोरीनचा नियम थोडक्यात असा: पीएच ८ च्या खाली, संपर्क किमान ३० मिनिटं, आणि त्या वेळेनंतर लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक. पीएचची अट शोभेची नाही. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं आणि त्यातलं हायपोक्लोरस आम्ल हे मारक रूप. पीएच ७ ला सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन या रूपात असतं, ८ ला जेमतेम चौथा हिस्सा. मीटर तोच आकडा दाखवतो, पण मारा एक तृतीयांश झालेला असतो.

पाण्यात अमोनिया आला की क्लोरीन आधी त्याच्याशी संयोग करून क्लोरामाइन बनवतं. ते जंतू मारण्यात मंद. इथे एक चकवा आहे. मात्रा वाढवत नेली की शिल्लक क्लोरीन आधी वाढतं, मग एका टप्प्यानंतर उलट घटू लागतं, कारण जादा क्लोरीन क्लोरामाइनच मोडून टाकतं. अमोनिया संपल्यावरच पुढची मात्रा मुक्त क्लोरीन म्हणून दिसते. या वळणाला ब्रेकपॉइंट म्हणतात, आणि तिथे पोचायला अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनाच्या आठ ते दहा पट क्लोरीन लागतं. डोस वाढवूनही वाचन घसरतंय म्हणून मीटर बिघडला असं समजण्याआधी अमोनिया तपासावा. तो अचानक वाढला असेल तर कच्च्या पाण्यात कुठेतरी मैलापाणी शिरलंय.

जलवाहिनी: भोक दोन्ही बाजूंनी चालतं

केंद्रातून निघालेलं पाणी जलकुंभात चढवतात. जलकुंभ दोन कामं करतो. पंप दिवसभर एकाच गतीने चालतात आणि सकाळची झुंबड कुंभ भागवतो, हे एक. दुसरं काम दाबाचं. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो.

नळांचं जाळं कितीही नवं असलं तरी सांध्यांतून थोडी गळती असतेच. दाब असेपर्यंत पाणी बाहेर जातं, त्यात नुकसान पैशाचं. दाब गेला की तेच भोक बाहेरचं पाणी आत ओढतं, आणि जलवाहिनीच्या शेजारून बहुतेकदा गटार जात असतं. दिवसाआड किंवा काही तासच पाणी सोडणाऱ्या जाळ्यात हे प्रत्येक वेळी घडतं. केंद्रात उत्तम असलेलं पाणी घरात दूषित का, याचं सर्वात नेहमीचं उत्तर हेच. पुरवठा सुरू होतानाचं पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नये. जाळ्याच्या शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन सापडलं पाहिजे. कालपर्यंत सापडत होतं आणि आज शून्य, असं झालं तर मधे कुठेतरी घाण शिरली असण्याची शक्यता धरूनच कामाला लागावं.

गळती शोधायची वेळ रात्री दोन ते चार. तेव्हा माणसं झोपलेली, त्यामुळे मीटरमधून जाणारं बहुतेक पाणी गळतीचं. समजा, एका भागाला एकाच मीटरमधून पाणी जातं आणि त्या वेळी सेकंदाला २० लिटर वाहतंय. घरांचा खरा वापर आणि टाक्या भरणं मिळून ३ लिटर धरले तर उरलेले १७ जमिनीत. दिवसाचे जवळपास पावणेपंधरा लाख लिटर. रात्री दाब जास्त असल्याने खरा आकडा थोडा कमी निघेल, पण दिशा कळायला एवढं पुरे. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं. ज्याने आकडा धाडकन खाली आला, त्याच्या पुढे शोधायचं.

व्हॉल्व्ह मात्र सावकाश फिरवायचा. लोखंडी नळातलं सेकंदाला १ मीटर वेगाने चाललेलं पाणी झटक्यात थांबवलं तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका दाबाचा धक्का बसतो. नळ फुटतो तो बऱ्याचदा जुनाट झाल्यामुळे नाही, तर कोणीतरी घाई केल्यामुळे.

गटारातला वायू

मलवाहिनी उतारावर चालते आणि तिच्यात वेग हवा, सेकंदाला ०.६ मीटरहून जास्त. त्याखाली गाळ बसतो, सडतो आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो वर जाऊन ओलसर छताला चिकटतो, तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीट वरून खाल्लं जातं. म्हणूनच तळ शाबूत असलेली मलवाहिनी छतातून खचते. हाच वायू माणसांचे बळी घेतो. थोड्या प्रमाणात कुजक्या अंड्याचा वास येतो, पण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून चेंबरमध्ये उतरणं म्हणजे मरणाला आमंत्रण. तिथे नाकावर नाही, वायुमापकावरच विसंबायचं, आणि शक्यतो माणूस उतरवायचाच नाही.

प्रक्रिया केंद्र: जिवाणू सांभाळण्याचा धंदा

आधी जाळ्यांवर चिंध्या-प्लास्टिक, मग ग्रिट चेंबरमध्ये वाळू, मग प्राथमिक टाकीत बसणारा गाळ. इथवर साधारण निम्मा तरंगता मैला आणि एक तृतीयांश बीओडी जातो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. कच्च्या मैलापाण्यात तो लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो.

खरं काम पुढच्या टाकीत. १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी दाखवलं की हवा दिलेल्या सांडपाण्यात तयार झालेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात मिसळला, तर शुद्धीकरणाला लागणारा वेळ कमालीचा घटतो. तो गाळ म्हणजे काम शिकलेली जिवाणूंची फौजच. आजही पद्धत तीच: वायुवीजन टाकीत ब्लोअरने हवा, नंतर निवळण टाकी, खाली बसलेला गाळ बराचसा परत, वाढलेला रोज थोडा बाहेर. टाकीत विरघळलेला प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. केंद्राच्या वीजबिलात साधारण निम्मा वाटा या हवेचा असतो.

गाळाची तब्येत पाहायची सोपी चाचणी आहे. एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी भरून ३० मिनिटं स्थिर ठेवायचं. समजा गाळ ४०० मिलिलिटरवर बसला आणि त्या पाण्यात लिटरमागे ३.२ ग्रॅम घन पदार्थ आहेत. ४०० भागिले ३.२ म्हणजे १२५. हा निर्देशांक दीडशेच्या आत असेल तर गाळ नीट बसतोय. दोनशेच्या पुढे गेला तर तंतुमय जिवाणू माजलेत, गाळ कापसासारखा फुगलाय आणि लवकरच तो शुद्ध पाण्याबरोबर बाहेर वाहणार. कमी प्राणवायू हे त्याचं नेहमीचं कारण. चाचणी तीस मिनिटांवर सोडून देऊ नये, पात्र आणखी तास-दोन तास ठेवावं. चांगला बसलेला गाळ मग ढेकळांनी वर तरंगू लागला, तर निवळण टाकीत नायट्रेटपासून नायट्रोजनचे बुडबुडे सुटतायत आणि गाळ तिथे फार वेळ पडून राहतोय. उपाय गाळ परत नेण्याचा वेग वाढवणं. औषध ओतून काही होत नाही.

अमोनिया काढणारे जिवाणू हळू वाढतात, म्हणून गाळाचं वय, म्हणजे तो टाकीत राहण्याचे दिवस, वाढवावं लागतं. प्राणवायूही दाबून लागतो, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साडेचार ग्रॅमहून जास्त. त्यातून क्षारता खर्च होऊन पीएच घसरतो. हेच जिवाणू सगळ्यात नाजूकही. कारखान्याने रात्री गुपचूप सोडलेलं क्रोमियमयुक्त पाणी टाकीत आलं की ते आधी मरतात, आणि फौज पुन्हा उभी राहायला आठवडे जातात. अशा वेळी केंद्राला दोष देऊन भागत नाही. बंदोबस्त कारखान्याच्या तोंडाशीच व्हायला हवा.

पुनर्वापर: आधी वापर, मग यंत्र

प्रक्रिया झालेलं पाणी कशाला वापरायचं हे ठरवल्याशिवाय पुढचं यंत्र निवडू नये. शीतकरण मनोऱ्याला जंतूंपेक्षा अमोनिया आणि फॉस्फेटचा त्रास जास्त. अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या खातो आणि फॉस्फेट कॅल्शियमबरोबर त्यांवर खपली धरतं. शेतीला नायट्रोजन-फॉस्फरस खतासारखे उपयोगी, पण सोडियम जास्त असेल तर जमीन घट्ट होते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जंतांच्या अंड्यांची मर्यादाही पाळावी लागते, लिटरमागे एकापेक्षा जास्त नको.

संडासाच्या टाक्यांसाठी आणि बागेसाठी इमारतीत दुसरी नळव्यवस्था घालतात. तिथली भीती रसायनांची नाही, प्लंबरची. कोणीतरी दोन नळ जोडतो आणि महिनोन्महिने कळत नाही. तपासायची रीत: पिण्याच्या पाण्याची मुख्य वाहिनी बंद करा, तिचे सगळे नळ उघडा आणि तिच्यातलं पाणी पूर्ण ओसरू द्या. पुनर्वापराची वाहिनी दाबाखाली चालू ठेवा. यानंतरही पिण्याच्या एखाद्या नळातून पाणी येत राहिलं तर जोड आहे. मग हेच उलट करून पाहा. दुरुस्ती झाली की दर वेळी पुन्हा.

पिण्यासाठी पुनर्वापर करताना सर्वात जास्त पसरलेली साखळी अशी: यूएफ किंवा एमएफ मेम्ब्रेन (अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणारी पटलं), मग आरओ, मग हायड्रोजन पेरॉक्साइडसह यूव्ही. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून असं पाणी भूजलात मुरवलं जातं. सिंगापूरचं 'न्यूवॉटर' २००३ पासून मुख्यतः उद्योगांना आणि काही प्रमाणात जलाशयांत जातं.

या साखळीतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. आरओच्या पॉलिअमाइड पटलांवर जिवाणूंचा थर धरतो, पण मुक्त क्लोरीन पटलच नासवतं. म्हणून सौम्य असं क्लोरामाइन देतात. त्यातून एनडीएमए हा कर्करोगकारक मानला जाणारा पदार्थ अल्प प्रमाणात बनतो, आणि त्याचा रेणू इतका लहान की तो आरओतून काही अंशी निसटतो. त्याला तोडायला शेवटी यूव्ही लागतं, आणि जंतू मारायला लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट तीव्र.

भूजलात मुरवायच्या पाण्यासाठी कॅलिफोर्नियाचा नियम विषाणू बारा 'लॉग'ने कमी करायला सांगतो, म्हणजे एक लाख कोटींत एक उरावा (एक लॉग म्हणजे दहात एक उरणं). जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवींसाठी दहा लॉग. पुढची अट जास्त महत्त्वाची: कोणत्याही एका प्रक्रियेला सहापेक्षा जास्त लॉगचं श्रेय मिळत नाही. शिवाय श्रेय मोजता येईल तेवढंच. चांगलं आरओ विषाणू जवळपास पूर्ण अडवतं, पण चालू स्थितीत आपण मोजतो ती क्षारांची खूण देणारी विद्युतवाहकता, आणि तिच्यावरून दीड-दोन लॉगच सिद्ध होतात. एखादी रबरी कडी चिरली तर वाहकता किंचित चढते, तेवढीच खूण. यूएफची परीक्षा जास्त थेट असते. दिवसातून एकदा पटलाच्या तंतूंसारख्या पोकळ नळ्यांत हवेचा दाब भरून काही मिनिटं ठेवतात. दाब ठरल्यापेक्षा जास्त उतरला तर तंतू तुटलाय, तो संच बंद.

आरओचं पाणी तसंच नळात सोडता येत नाही. क्षार गेल्याने ते नळाचा धातू आणि सिमेंट ओरबाडतं, म्हणून चुना किंवा कॅल्साइट देऊन त्याला पुन्हा स्थिर करतात. आणि मागे उरतं १५ ते २५ टक्के खारं पाणी. किनाऱ्यावरच्या शहराला त्यासाठी समुद्र असतो. नामिबियातल्या विंडहोकजवळ तो नाही. हे शहर १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या जाळ्यात मिसळतंय. २००२ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या नव्या केंद्रात आरओच नाही. ओझोन, कार्बनचे थर आणि यूएफ अशी साखळी आहे, आणि कारखान्यांचं सांडपाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू दिलं जात नाही. या साखळीत विरघळलेले क्षार निघत नाहीत, आणि वापराच्या प्रत्येक फेरीत साबण, लघवी आणि स्वयंपाकाचं मीठ त्यात थोडी भर घालतं. म्हणून ते पाणी धरणाच्या पाण्यात मिसळूनच देतात, जास्तीत जास्त सुमारे ३५ टक्के. धरणात पाणी कितीही कमी असलं तरी तो वाटा हवा तितका वाढवता येत नाही.